तारेपासून स्पीकरपर्यंतचं वाद्य : हेंड्रिक्सचा ‘आर यू एक्सपीरियन्स्ड’

अल्बम सुरू होतो तो जवळजवळ शांततेतून. एक अगदी बारीक थरथर कानावर येते. आधी वाटतं, ही कुठल्या यंत्राची घरघर असावी. मग ती वाढत जाते, तिला धार येते, ती कानाशी येऊन उभी राहते आणि पुढच्याच क्षणी गिटारची तार खालून वर घसरत जाऊन गाणं अंगावर कोसळतं. ‘फॉक्सी लेडी’ची ही सुरुवात. या काही सेकंदांत हेंड्रिक्सचं बोट तारेवर दाबून हलतं आहे, पण तार छेडल्याचा आवाज कुठेच नाही. स्वर वाढतो आहे तो अँप्लिफायरमुळे. बंद खोलीत मोठ्या आवाजात उघडा ठेवलेला तो अँप्लिफायर तारेची बारीकशी हालचाल उचलून मोठी करतो, मोठा झालेला आवाज हवेतून पुन्हा तारेवर आदळतो आणि तार आणखी हलते.

माझ्या मते जिमी हेंड्रिक्सच्या या पहिल्या अल्बमचं सगळं मर्म या सुरुवातीत आहे. गिटारचे ‘इफेक्ट’ म्हणजे वाजवून झालेल्या सुरांवर वरून चढवलेली सजावट, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. हेंड्रिक्सने तसं मानलं नाही. लाकूड, तारा, पायाखालचा डबा, अँप्लिफायर, स्पीकर, समोरची हवा आणि स्टुडिओतली टेप हे सगळं मिळून त्याचं एक वाद्य होतं. ते त्या अर्थाने ऐकलं की एरवी गोंगाट वाटणाऱ्या जागांमधली रचना दिसू लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात. हेंड्रिक्स मूळचा अमेरिकेतल्या सिएटलचा, जन्म १९४२चा. काही काळ सैन्यात छत्रीधारी तुकडीत होता. नंतर आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशांच्या मागे उभा राहून साथ करत होता. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ‘कॅफे वा?’मध्ये त्याला चॅस चँडलरने ऐकलं. ‘अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश बँडचा हा बासवादक वादन सोडून निर्माता होण्याच्या बेतात होता. सप्टेंबरमध्ये त्याने हेंड्रिक्सला लंडनला आणलं. नोएल रेडिंग आला होता गिटार वाजवण्याच्या परीक्षेला. त्याच्या हातात बास दिला गेला. ड्रम्सवर जॅझच्या अंगाने वाजवणारा मिच मिचेल आला. ऑक्टोबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात, गावोगावच्या कार्यक्रमांमधून सवड मिळेल तशी, डी लेन ली, सीबीएस आणि ऑलिंपिक या लंडनच्या तीन स्टुडिओंत ध्वनिमुद्रणं झाली. १२ मे १९६७ला ट्रॅक रेकॉर्ड्सने अल्बम काढला. ब्रिटनच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पहिल्या क्रमांकावर बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ बसलेला होता.

आता आवाजाकडे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ‘पिकअप’ असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की त्या वेढ्यांमध्ये विजेचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. तारेचं कंपन आता विजेचं कंपन झालेलं असतं. अँप्लिफायरने ते जसंच्या तसं मोठं करावं, ही अपेक्षा. पण प्रत्येक अँप्लिफायरला मर्यादा असते. येणारी लाट त्या मर्यादेपेक्षा उंच असेल तर तिचा माथा छाटला जातो. गोलाई असलेल्या लाटेची डोकी आणि तळ सपाट होतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. ‘फझ’ नावाचा इफेक्ट हाच दोष मुद्दाम, आणि भरपूर प्रमाणात, घडवून आणतो.

लाट छाटल्याने कानाला नेमकं काय ऐकू येतं? मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उसळून वर येतात. दोन्ही बाजूंनी सारखी छाटलेली लाट मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वर जन्माला घालते. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला हा गंधार ओळखीचा आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला हलका उतार देतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि जवारी काढतो, तेव्हा तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि तिच्यातून उपस्वरांची झळाळी बाहेर पडते. यांत्रिक मार्ग वेगळा, पण हेतू एकच : एका तारेतून अनेक स्वर काढणं. फझला मी गिटारची जवारी म्हणतो. जवारी नसलेला तंबोरा जसा मुका वाटतो, तसं या अल्बममधला फझ काढून टाकला तर ‘लव्ह ऑर कन्फ्यूजन’ मुकं होईल.

छाटण्याचा आणखी एक परिणाम होतो. तार छेडल्यावर आवाज झपाट्याने कमी होत जातो, हा गिटारचा स्वभाव. पण माथा छाटलेल्या लाटेची उंची छतापाशीच अडलेली असते. तारेचं कंपन निम्म्यावर आलं तरी छाटणीनंतर उरलेली उंची तीच राहते. म्हणून स्वर रेंगाळतो, गजाने वाजवलेल्या व्हायोलिनसारखा लांबतो आणि मींड घेण्याइतका वेळ हाताला मिळतो. हेंड्रिक्स एका तारेला ओढून स्वर चढवतो आणि तिथे तो हलवत ठेवतो. एरवी तेवढ्या वेळात गिटारचा स्वर विरून गेला असता.

त्याच्या पायाशी असलेला डबा होता ‘फझ फेस’. लंडनच्या आर्बिटर कंपनीने तो १९६६मध्ये आणला. गोल, जाड, मायक्रोफोनच्या स्टँडच्या बैठकीवरून आकार घेतलेला. आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके इतर सुटे भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी. जर्मेनियमला तापमान मानवत नाही. खोली तापली की आवाज बदलतो. एकाच गठ्ठ्यातल्या दोन डब्यांचा आवाजही सारखा नसायचा. पण या साध्या मंडलात एक मोठा गुण होता. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं की फझ नुसता हळू होत नाही, स्वच्छ होतो. म्हणजे पेडल चालूच ठेवून, बटण फिरवत, एकाच ओळीत निवळ स्वरापासून फाटलेल्या स्वरापर्यंत जाता येतं. हेंड्रिक्स हे सतत करत असे. त्याचं वादन पायाच्या स्विचवर कमी आणि बोटांवर जास्त चालतं, असं ऐकताना वाटतं त्याचं हे एक कारण.

फझमध्ये सगळेच स्वरसंघ नीट लागत नाहीत. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवेच स्वर उपटतात. षड्ज-पंचम वाजवा : त्यांचं नातं २ : ३, वजाबाकी १, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. जोडी भक्कम होते. पण त्यात तिसरा-चौथा स्वर मिसळला की चिखल होण्याची भीती. रॉकमधले गिटारवादक म्हणूनच षड्ज-पंचमावर थांबतात. हेंड्रिक्सला मात्र जो स्वरसंघ आवडायचा, त्यात पंचम गाळलेला आहे आणि शुद्ध गंधार, कोमल निषाद आणि त्यांच्यावर कोमल गंधार आहे. जोग रागात दोन्ही गंधार भेटतात, पण एकामागून एक. इथे ते एकाच आघातात एकमेकांना घासतात. ‘फॉक्सी लेडी’ आणि ‘पर्पल हेझ’ या दोन्ही गाण्यांत हा स्वरसंघ आहे आणि आज जगभरचे गिटारवादक त्याला हेंड्रिक्सच्याच नावाने ओळखतात. जॅझमध्ये तो आधीपासून होता. फझमधून तो काढला तर चिखल होण्याऐवजी नेमका हवा तितका खरखरीत पोत मिळतो, हे त्याने ऐकलं.

‘पर्पल हेझ’ मार्च १९६७मध्ये सुटं गाणं म्हणून आलं. ब्रिटिश अल्बममध्ये ते नाही, ऑगस्टमध्ये निघालेल्या अमेरिकी आवृत्तीत मात्र तेच पहिलं आहे. सुरुवातीला गिटार आणि बास मिळून षड्ज आणि तीव्र मध्यम समोरासमोर ठेवतात. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, कुठे टेकायला जागाच नाही. टेपा अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर अशा अर्थाची सूचना होती की आवाज मुद्दाम फाटलेला आहे, कृपया दुरुस्त करू नये. ती सूचना देणं गरजेचं होतं, इतकं हे काम काळाच्या पुढे होतं.

याच गाण्याच्या एकल वादनात ‘ऑक्टेव्हिया’ ऐकू येतं, आणि मला या संपूर्ण काळातलं सर्वांत सुंदर यंत्र हेच वाटतं. ते बनवणारा रॉजर मेयर ब्रिटिश नौदल खात्यात ध्वनी आणि कंपनांवर काम करणारा तरुण होता. जिमी पेज, जेफ बेक या गिटारवादकांसाठी त्याने आधी फझ बनवून दिले होते. जानेवारी १९६७मध्ये लंडनच्या ‘बॅग ओ’नेल्स’ क्लबमध्ये त्याची हेंड्रिक्सशी गाठ पडली. काही दिवसांतच त्याने तयार केलेलं यंत्र स्टुडिओत पोहोचलं आणि ‘पर्पल हेझ’ आणि ‘फायर’ यांच्या एकल वादनांत वापरलं गेलं.

तत्त्व सोपं आहे. स्वराची लाट शून्यरेषेच्या वर जाते, खाली जाते, पुन्हा वर. ऑक्टेव्हिया खालचा भाग उचलून वर पलटवतं. आधी एका आवर्तनात एक उंचवटा आणि एक खळगा होता, आता दोन उंचवटे आले. म्हणजे कंपनसंख्या दुप्पट झाली आणि स्वर एक सप्तक वर गेला. गिटारची ‘ए’ तार सेकंदाला ११० वेळा कंपते. ऑक्टेव्हियातून तिचे २२० ऐकू येतात. पण पलटवलेली लाट खाली टोकदार राहते, त्यामुळे वरच्या सप्तकातला स्वर निर्मळ न येता एका धातूच्या कडेसह येतो. बासरी, सनई आणि तुतारी यांच्या मधलं काहीतरी. लाट जितकी साधी तितका परिणाम चांगला, म्हणून हे यंत्र गिटारच्या वरच्या पडद्यांवर खुलतं. ‘पर्पल हेझ’चं एकल वादन नेमकं तिथे फिरतं, आणि गाण्याच्या शेवटी जे स्वर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे वाटतात, तिथे टेप निम्म्या वेगाने चालवून मुद्रित केलेली गिटार आहे. नेहमीच्या वेगाने वाजवली की ती एक सप्तक वर आणि दुप्पट चपळ होते.

वाह-वाह पेडल मात्र या अल्बममध्ये शोधू नका. पायाने झुलवायचं ते पेडल, जे पुढे हेंड्रिक्सची ओळख बनलं, त्याच्या ध्वनिमुद्रणांत आलं जुलै १९६७मध्ये, ‘बर्निंग ऑफ द मिडनाइट लँप’मध्ये. युनि-व्हाइब हे दुसरं पेडल तर त्याहूनही नंतरचं. इथलं सगळं घडलं ते फझ, ऑक्टेव्हिया, मार्शलचे अँप्लिफायर आणि टेप एवढ्यावर.

मार्शलच्या अँप्लिफायरची सुरुवात झाली ती पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलमध्ये. बनवणारा जिम मार्शल स्वतः ड्रम्स शिकवायचा आणि मिच मिचेल त्याच्याकडे शिकलेला. अँप्लिफायर पुरेसा मोठा केला की ‘फीडबॅक’ सुरू होतो, म्हणजे स्पीकरचा आवाज तारेला हलवत राहतो आणि स्वर संपतच नाही. सभागृहात माइक किंचाळतो तो हाच प्रकार, म्हणून तंत्रज्ञ त्याला टाळतात. हेंड्रिक्सने त्याचे नियम पाठ केले. स्पीकरपासून किती दूर उभं राहिलं, गिटारचं तोंड कुठे वळवलं, कुठली तार मोकळी ठेवली आणि कुठली तळव्याने दाबली, यावर कुठला उपस्वर जिवंत होईल हे ठरतं. एक पाऊल मागे घेतलं की स्वर पंचमावर उडी मारतो. उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तो डाव्या हाताने वाजवायचा, त्यामुळे कंप देणारा दांडा त्याच्या हाताखाली वरच्या बाजूला यायचा आणि त्या दांड्याने तो फीडबॅकच्या स्वरालाही मींड द्यायचा. ‘आय डोन्ट लिव्ह टुडे’च्या उत्तरार्धात हे ऐका. वाद्य वाजवणं आणि वाद्याभोवतीची हवा वाजवणं यातली रेषा तिथे पुसली जाते.

स्टुडिओत तेव्हा चार ट्रॅकची टेप असायची. आज घरच्या संगणकावर शंभर ट्रॅक सहज मिळतात, त्यामुळे चारच्या अडचणीची कल्पना येणं कठीण. ऑलिंपिकमधला दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला ध्वनिमुद्रक एडी क्रेमर याने वाट काढली. दोन ट्रॅकवर ड्रम्स, एकावर बास, एकावर ताल देणारी गिटार. हे चार मिसळून दुसऱ्या यंत्रावर दोन ट्रॅकमध्ये उतरवायचे. उरलेल्या दोनांवर गाणं आणि एकल वादन. प्रत्येक उतरवणीत निर्णय पक्का होतो. ड्रम्स आणि बासचं प्रमाण एकदा ठरलं की पुन्हा बदलता येत नाही. अल्बमला जी घट्ट वीण आहे ती थोडी या सक्तीमुळेही आली असावी, असं मला वाटतं.

आणि शेवटचं गाणं, ‘आर यू एक्सपीरियन्स्ड?’. उलट्या टेपचा प्रयोग बीटल्सने आदल्या वर्षी केला होता. ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘आय एम ओन्ली स्लीपिंग’मध्ये जॉर्ज हॅरिसनची उलटी गिटार आहे. तिथे ती गाण्यातली एक जागा आहे. हेंड्रिक्सने उलट्या आवाजांवर सगळं गाणंच उभारलं. छेडलेल्या तारेचा स्वर ठोक्याने सुरू होतो आणि विरत जातो. तो उलटा केला की आधी विरळ कुजबूज, मग फुगवटा आणि शेवटी फटकन तुटणं. गाण्याच्या सुरुवातीला जी खरडल्यासारखी लय येते ती उलटी गिटारच आहे. ड्रम्सही उलटे मिसळले आहेत. पुढच्या पिढीतल्या डीजेंनी तबकडी हाताने पुढेमागे घासून काढलेला आवाज याच जातकुळीचा, पण तो यायला अजून अवकाश होता.

उलटं एकल वादन कसं मुद्रित करतात हे कळलं की हेंड्रिक्सचं डोकं कसं चालायचं हे समजतं. टेपची चाकं उलटी लावायची. सगळं गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागतं. ट्रॅकची क्रमवारीही उलटते. पहिला ट्रॅक चौथा होतो, आणि मोकळा ट्रॅक चुकला तर एखादा चांगला भाग कायमचा पुसला जाईल. आता त्या उलट्या गाण्याच्या साथीने वाजवायचं, चाकं पूर्ववत करायची आणि ऐकायचं. म्हणजे ज्या स्वरावर वाक्य संपावं असं वाटतं, त्या स्वराने वाजवायला सुरुवात करायची. हेंड्रिक्स आधी उलटं गाणं ऐकून तयारी करायचा आणि उलट्या टेपवर आपण गाण्याच्या कुठल्या जागी आहोत हे त्याला अचूक कळायचं. आपल्याकडे लयकारीचा विचार करणाऱ्या तबलजीला हे चटकन उमगेल : सम कुठे येणार हे माहीत असलेला माणूस मागून मोजत येतो.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. ‘थर्ड स्टोन फ्रॉम द सन’मध्ये वेग कमी करून जाड केलेलं बोलणं आहे, परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांचं. हेंड्रिक्स आणि चँडलर दोघांनाही विज्ञानकथांची गोडी होती. त्या बोलण्याची नवलाई आता ओसरली आहे. पण त्याखाली दोन सप्तकांत एकाच वेळी वाजणारी जी धून आहे, वेस मॉंटगोमेरी या जॅझ गिटारवादकाच्या वळणाची, ती अजून ताजी आहे. ‘मॅनिक डिप्रेशन’ तीनाच्या लयीत धावतं आणि तिथे खरा नायक मिचेल आहे.

जिथे काहीच इफेक्ट नाही, तिथेही थांबावं. अमेरिकी आवृत्तीतलं ‘द विंड क्राइज मेरी’ स्वच्छ गिटारवर आहे. स्वरसंघाच्या आत एकेक बोट हलवून तो छोटे छोटे सूर सोडत जातो. ‘मे धिस बी लव्ह’मध्ये गिटार पाण्यासारखी वरून खाली घरंगळते आणि स्टिरिओत एकल वादन एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जातं. ही गाणी ऐकली की फझमागचा हात किती तयार होता हे कळतं. यंत्रांच्या आड लपण्याची त्याला गरज नव्हती, म्हणून यंत्रांकडून तो इतकं काढून घेऊ शकला. नुसतं पेडल विकत घेऊन हा आवाज येत नाही, याचा अनुभव हजारो तरुणांनी घेतला आहे.

१८ जून १९६७ला, अल्बमनंतर जेमतेम महिन्याभराने, कॅलिफोर्नियातल्या माँटेरी महोत्सवात दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले आणि रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्स आला. अखेरीस त्याने गिटार पेटवली, आणि वाद्याला देवासमान मानणाऱ्या रविशंकरांना ते अजिबात रुचलं नाही. रविशंकरांचं दुखणं मला पटतं. पण त्या आगीच्या छायाचित्रानेच हेंड्रिक्सची ओळख व्हावी हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. सप्टेंबर १९७०मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी तो लंडनमध्ये गेला. त्याच्या हयातीत स्टुडिओत तयार झालेले आणि निघालेले अल्बम तीनच.

हा अल्बम पहिल्यांदा ऐकणार असाल तर कुठली आवृत्ती निवडावी हा प्रश्न येतो. ब्रिटिश आवृत्तीत अकरा गाणी आणि ‘रेड हाउस’सारखा अस्सल ब्लूज, अमेरिकी आवृत्तीत ‘रेड हाउस’ नाही, पण ‘पर्पल हेझ’, ‘हे जो’ आणि ‘द विंड क्राइज मेरी’ आहेत. १९९७च्या पुनःप्रकाशनात दोन्हींमधली आणि सुट्या तबकड्यांवरची मिळून सतरा गाणी एकत्र आली, ते घ्यावं. ब्रिटनमध्ये मूळ तबकडी मोनो निघाली होती. ती मिळाली तर तीही ऐका, कारण तिच्यात गिटार मधोमध, अंगावर येणारी आहे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात खालचा सगळा भाग हरवतो. आणि संगणकावर ध्वनिसंपादनाचं एखादं साधं सॉफ्टवेअर असेल तर ‘आर यू एक्सपीरियन्स्ड?’ त्यात घालून उलटं वाजवून पाहा : शब्द उलटे होतील, पण मधलं एकल वादन सुलट होईल, हेंड्रिक्सने त्या दिवशी ऑलिंपिकमध्ये वाजवलं होतं तसं.